मास्तरांनीं खेळावें काय?

२०२५ च्या जुलै महिन्यांत आमच्या शाळेंत पालकांची सभा भरली होती. गणवेश, पुस्तकें, गैरहजेरी या नेहमींच्या विषयांवर बोलणें होऊन सभा संपत आली असतां मागच्या बाकावरील एक प्रतिष्ठित पालक उभे राहिले व शांतपणें म्हणाले, "आमच्या मुलांना चित्रकला शिकविणारे मास्तर वर्गांत रडतात असें आम्ही ऐकतों, आणि शनिवारीं शाळा सुटल्यावर तेच मास्तर मुलांबरोबर व्हिडिओ गेम खेळतात असेंही ऐकतों. जो मनुष्य मुलांपुढें रडतो आणि मुलांत खेळतो, त्यानें मुलांना वळण तें कसलें लावावें?" सभेंत बऱ्याच जणांनीं माना डोलावल्या. सभेचे चालक या नात्यानें उत्तर देण्याचें काम आमचें होतें; परंतु आमच्याजवळ उत्तर नव्हतें. "मास्तरांना समज देऊं," एवढें बोलून आम्हीं वेळ मारून नेली, आणि पुढच्याच शनिवारपासून तो खेळ बंद करविला.

त्या प्रश्नाचें उत्तर आमच्याकडून राहून गेलें, तें या वार्षिकाच्या द्वारें आज देत आहों. त्यांत मास्तरांची बाजू मांडण्याचा हेतु जितका आहे, तितकाच आमची स्वतःची चूक कबूल करण्याचाही आहे, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

प्रथम रडण्याचा आरोप घेऊं. आमचा झरी जामणी तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण कडेस आहे; पैनगंगा ओलांडली कीं तेलंगण लागतें. कापसाच्या शेतांमधून गोंडांचीं गांवें व कोलामांचीं पोडें विखुरलेलीं आहेत. येथील कित्येक मुलें घरीं कोलामी बोलतात, कित्येक गोंडी, कांहीं तेलुगू. आणि शाळेंत पाऊल टाकतांच त्यांनीं मराठींत उत्तरें द्यावीं अशी आमची अपेक्षा असते. अशीं मुलें भाषेच्या तासाला मुकीं बसतात. आम्ही स्वतः मराठी शिकवितों, म्हणून हें दुःखानें लिहितों. परंतु तींच मुलें चित्रकलेच्या तासाला बोलूं लागतात. तोंडानें नव्हे, पेन्सिलीनें. तें बोलणें ऐकणारा कोणी तरी मात्र वर्गांत असावा लागतो.

एके दिवशीं शासकीय रेखाकला परीक्षेच्या तयारीसाठीं मास्तरांनीं आठवीच्या वर्गास 'बाजाराचा दिवस' हा स्मरणचित्राचा विषय दिला होता. कांहीं कामानिमित्त आम्ही त्या वेळीं वर्गाच्या दाराशीं उभे होतों. बहुतेक मुलांनीं भाजीचीं दुकानें, फुगेवाला, बैलजोडी असें काढलें होतें. एका मुलीनें कापसाची खरेदी काढली होती: मोठा काटा, भरलेली गाडी, माणसांची गर्दी; आणि कागदाच्या एका कोपऱ्यांत सगळ्यांकडे पाठ करून बसलेला एक लहानसा मनुष्य. गर्दी व तो मनुष्य यांच्यामध्यें कागद कोराच होता. "येथें कांहीं काढावयाचें राहिलें काय?" मास्तरांनीं विचारलें. "नाहीं सर," ती म्हणाली, "तिथं कांहीं नव्हतं. भाव ऐकून बाबा एकटेच दूर जाऊन बसले होते." मास्तर त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. मुलें आधीं हसलीं, मग गप्प झालीं.

पुढची हकीकत मात्र सभेंत कोणी सांगितली नाहीं. डोळे पुसून झाल्यावर याच मास्तरांनीं त्या मुलीस गाडीचें चाक चुकलें असल्याचें दाखविलें, व तें तिच्याकडून चार वेळां पुन्हां काढविलें. गुणही वाढवून दिले नाहींत. दुसऱ्याचें दुःख पाहून जो विरघळतो व त्या भरांत चुकाही झांकून टाकतो, त्यास आपण दुबळा म्हणावें. ज्याचे डोळे भरून आले तरी चाकांतली चूक ज्याला दिसते, त्याला दुबळा म्हणतां येत नाहीं.

आतां खेळाकडे वळूं. शाळेंत संगणकाच्या खोलींत दोन जुनीं यंत्रें आहेत. त्यांवर मास्तर जो गेम खेळतात त्याचें नांव टेट्रिस. तो १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सेई पाजित्नोव नांवाच्या संगणकतज्ज्ञानें तयार केला. त्यांत बंदुका नाहींत व पैसाही नाहीं. चार चार चौकोन जोडून होणाऱ्या सात प्रकारच्या आकृती एकामागून एक वरून खालीं पडत येतात. त्या फिरवून अशा बसवावयाच्या कीं आडवी ओळ सलग भरली जावी. ओळ भरली कीं ती नाहींशी होते. मध्यें भोंक राहिलें तर ढीग वाढत जातो, आणि ढीग माथ्याला टेकला कीं खेळ संपला. जसजसा वेळ जातो तसतसा आकृती पडण्याचा वेगही वाढतो.

शेजारशेजारच्या यंत्रांवर एकीकडे विद्यार्थी व दुसरीकडे मास्तर बसतात. ज्याचा ढीग आधीं माथ्याला लागेल तो हरला. गेल्या दोन वर्षांत मास्तरांना हरविणारा विद्यार्थी निघालेला नाहीं. समोर दहावीचा मुलगा असो कीं पांचवीचा, ते जाणूनबुजून कधीं हरत नाहींत. एकदां आम्हीं त्यांना सहज म्हटलें, "लहान पोराला एखादा डाव द्यावा कीं!" त्यावर ते म्हणाले, "सर, मीं दिलेला डाव त्याचा कसा होईल? पुढें तो खरोखर जिंकला तरी त्याला तें खरें वाटणार नाहीं."

डाव संपला कीं मास्तर खडू घेतात व हरलेल्या मुलाचा ढीग फळ्यावर काढून दाखवितात. त्यांचें एक वाक्य मुलांना पाठ झालें आहे: "तूं पडणारा तुकडा पाहत होतास, रिकामी जागा पाहिली नाहींस." हें वाक्य ऐकून आम्हांस कळलें कीं मास्तर खेळाच्या खोलींतही चित्रकलाच शिकवीत आहेत. वस्तुचित्र काढतांना नवशिका घागरीकडे तेवढा पाहतो. जाणता मनुष्य घागर आणि तांब्या यांच्यामधील जागेकडेही पाहतो. कारण ती जागा बरोबर आली कीं दोन्ही भांडीं आपोआप बरोबर येतात. कापसाच्या चित्रांतील कोरी जागा ज्या डोळ्यांनीं पाहिली, तेच डोळे पडद्यावरील भोंक पाहतात. रडणारे मास्तर निराळे आणि खेळणारे मास्तर निराळे, अशी फोड करतांच येत नाहीं.

येथें एक खुलासा केला पाहिजे. गेम खेळल्यानें मुलांची नजर तयार होते, असा आमचा दावा नाहीं. अमेरिकेंतील रोचेस्टर विद्यापीठाच्या ग्रीन व बाव्हेलिए या संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धांवपळीचा व नेमबाजीचा गेम खेळणाऱ्यांचें दृष्टीचें अवधान सुधारलेलें आढळलें. परंतु तुलनेसाठीं ज्यांच्या हातीं टेट्रिस दिला होता, त्यांच्यांत तशी सुधारणा आढळली नाहीं. तेव्हां मास्तरांचा डोळा टेट्रिसनें घडविला असें कोणी समजूं नये. तो पेन्सिलीनें घडला आहे. खेळांत तो फक्त दिसून येतो.

तथापि चित्रकार आणि खेळ हा शेजार नवा नाहीं, आणि परकाही नाहीं. आपल्या कोंकणांत सावंतवाडीस गंजिफा नांवाचे गोल पत्ते हातानें रंगविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे प्रत्येकीं १२ असे १२० पत्ते असतात. ही कला बुडूं लागली तेव्हां, १९७० नंतरच्या काळांत, सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनीं पुंडलीक चितारी नांवाच्या वृद्ध कारागिरापाशीं बसून ती शिकून घेतली आणि तिला पुन्हां उभें केलें. राजा शिष्य झाला आणि पत्ते रंगविणारा चितारी गुरु झाला! २०२४ सालीं या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालें. खेळाचीं साधनें करणारा हलका, ही समजूत त्या राजवाड्यांत कोणी बाळगली नाहीं.

जपानांतही असेंच घडलें. क्योटो शहरांत १८८९ सालीं फुलांचीं चित्रें असलेले पत्ते बनविणारें एक दुकान निघालें. तेंच पुढें निन्टेन्डो या नांवानें व्हिडिओ गेमसाठीं जगप्रसिद्ध झालें. त्या कंपनींत १९७७ सालीं लागलेले शिगेरू मियामोतो हे कलाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेले होते. मुलांच्या तोंडीं असलेला 'मारिओ' ही त्यांचीच निर्मिति. आणि १९८० सालीं 'पॅक-मॅन' हा गेम करणारे तोरू इवातानी हे तर २००७ पासून तोक्योच्या एका विद्यापीठांत प्राध्यापक झाले. म्हणजे चित्राच्या शाळेंतून खेळाकडे आणि खेळाकडून पुन्हां शाळेकडे, अशी ही वाट दोन्ही बाजूंनीं वाहती आहे.

आतां कोणी म्हणेल कीं ज्याला खेळांत जिंकावयाचें त्यानें मन दगडासारखें करावें. रडक्या माणसाचें तें काम नव्हे. याचें उत्तर देण्यास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. आमची सभा झाली त्याच जुलै महिन्याच्या २८ तारखेस आपल्या विदर्भाची, नागपूरची दिव्या देशमुख हिनें जॉर्जिया देशांतील बातूमी येथें महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. ती तेव्हां १९ वर्षांची होती. समोर कोनेरू हम्पीसारखी ज्येष्ठ व मुरलेली खेळाडू. पटावर असेपर्यंत तिनें दयामाया दाखविली नाहीं. आणि डाव संपतांच आईच्या गळ्यांत पडून ती रडली. २०२४ च्या १२ डिसेंबरला सिंगापूर येथें जगज्जेता झालेला १८ वर्षांचा गुकेशही पटापाशींच रडला, आणि मग त्यानें सोंगट्या पुन्हां जागच्या जागीं नीट मांडून ठेवल्या. टेट्रिसचेंच उदाहरण हवें तर अमेरिकेंतील विलिस गिब्सन या १३ वर्षांच्या मुलाचें घ्यावें. १९८९ सालची जी निन्टेन्डोची आवृत्ति, तिच्यांत शेवटास जाऊन यंत्रच थांबावें इतका खेळ कोणा मनुष्याला साधला नव्हता. २०२३ च्या डिसेंबरांत तो या मुलानें साधला, व तें यश नुकत्याच वारलेल्या आपल्या वडिलांना वाहिलें. ज्याला कशाचेंच कांहीं वाटत नाहीं तो खेळांतही फार वेळ टिकत नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

इतकें लिहून झाल्यावर पालकांच्या भीतीकडे दुर्लक्ष करणें अन्यायाचें होईल. ती भीति खोटी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादींत स्थान दिलें असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली आहे. त्या आजाराचीं लक्षणें प्रत्येक पालकानें ध्यानांत ठेवावींत: खेळावर ताबा न राहणें, इतर सर्व कामांपेक्षां व आवडींपेक्षां खेळच मोठा होणें, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणें. असें साधारणपणें वर्षभर चाललें तर तो आजार समजावा. पैसे लावून खेळावयाच्या गेमचें संकट तर याहून भयंकर. त्यावर बंदी घालणारा कायदा संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें केला, हें योग्यच झालें. परंतु आमच्या शाळेंतील एका मुलाच्या बाबतींत तो कायदा तीन महिने उशीरा आला.

ती हकीकत त्या मुलाच्या वडिलांच्या परवानगीनें, नांवगांव न देतां, येथें सांगतों. आम्हीं खेळ बंद केल्यावर तिसऱ्या शनिवारीं मास्तर घरीं जावयास निघाले असतां नववींतील एक मुलगा संगणकाच्या खोलीच्या दाराशीं उभा असलेला त्यांना दिसला. दाराला कुलूप होतें. "सर, आज पण नाहीं का?" त्यानें विचारलें. "नाहीं रे," मास्तर म्हणाले. मुलगा तरी हलेना. बऱ्याच वेळानें तो बोलूं लागला. मे महिन्याच्या सुटींत त्यानें वडिलांच्या मोबाईलवर पैसे लावून गेम खेळण्यास आरंभ केला होता. प्रथम थोडे जिंकला, मग हरला, आणि हरलेले परत मिळवावे म्हणून आणखी लावीत गेला. वडिलांना अक्षरओळख बेताची. त्यांच्या मोबाईलवरील सारे व्यवहार हाच मुलगा करी. बियाण्यासाठीं राखून ठेवलेले अकरा हजार रुपये अशा रीतीनें गेले. बँकेच्या कांहीं घोटाळ्यांत पैसे कापले गेले, अशी वडिलांची समजूत त्यानें करून दिली. आणि वडिलांनीं उसनवारी करून पेरणी उरकली. दोन महिने हें ओझें घेऊन तो मुलगा आमच्या वर्गांत रोज बसत होता. घर सोडून कोठें तरी निघून जावें असें त्याच्या मनांत घोळत होतें. आम्हीं त्या दोन महिन्यांत त्याच्या वहींतील शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनें दाखविल्या; याहून अधिक कांहीं आम्हांस दिसलें नाहीं.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलें, हें सांगावयास नको. पण दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, ते त्याला बरोबर घेऊन त्याच्या घरीं गेले. वाटेंत मुलगा म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा ना बाबांना." मास्तरांनीं नकार दिला. ते त्याच्या शेजारीं बसून राहिले. बोलणें मात्र त्याचें त्यालाच करावें लागलें. मुलाला मुद्दाम डाव न देणारे मास्तर या वेळींही त्याचा डाव स्वतः खेळले नाहींत. वडील बराच वेळ जमिनीकडे पाहत होते. मग मास्तरांकडे वळून ते म्हणाले, "पेरनी तं झाली आता. तुम्ही च्या घ्या जी." गेलेले पैसे परत आलेले नाहींत. वडिलांनीं मोबाईलचा परवलीचा आंकडा बदलला असून, तो स्वतः दाबावयास ते आतां मुलाकडूनच शिकले आहेत.

पुढें आम्हीं त्या मुलाला विचारलें, "इतके शिक्षक असतांना तूं ड्रॉइंग मास्तरांनाच कां सांगितलेंस?" तो खालीं मान घालून म्हणाला, "ते हसणार नाहींत असं वाटलं." आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. मुलांपुढें ज्यानें आपले अश्रु लपविले नाहींत, त्याच्यापुढें मुलाला आपले अश्रु लपवावेसे वाटले नाहींत. आणि खेळांत ज्यानें कधीं खोटी दया दाखविली नाहीं, तो आपल्याला खोटा धीरही देणार नाहीं, असा विश्वास त्या मुलाला वाटला असावा. हा विश्वास ज्या खोलींत जमा होत होता, त्याच खोलीला आम्हीं कुलूप लावलें होतें.

यावरून सर्व शिक्षकांनीं वर्गांत रडावें व संध्याकाळीं गेम खेळावे असा अर्थ कोणी काढूं नये. मुलांनीं आपणांस प्रेमळ म्हणावें म्हणून काढलेले अश्रु, आणि मुलांत लोकप्रिय व्हावें म्हणून मांडलेला खेळ, हीं दोन्हीं अपायकारक आहेत. मुलें तें ढोंग आमच्याआधीं ओळखतात. शिवाय प्रत्येकाची प्रकृति वेगळी. आमच्या शाळेंतील गणिताच्या बाई कधीं रडत नाहींत व कधीं खेळत नाहींत. तरी त्यांच्याइतका मुलांचा आधार कोणी नाहीं. प्रश्न रडण्याचा नाहीं व खेळण्याचाही नाहीं. मुलाचें चित्र असो, डाव असो कीं अपराध असो, तो आपण खरा मानून पाहतों कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. ज्यानें तसें पाहिलें त्यानें वळण लावलें.

ऑगस्टपासून शनिवारचा खेळ पुन्हां सुरू झाला आहे. त्याचे नियम पालकांच्या माहितीसाठीं देतों. खेळ एक तास चालतो. खोलीचें दार उघडें असतें. पैशाचें नांव काढावयाचें नाहीं. आणि खेळण्यापूर्वीं प्रत्येकानें चित्राचें एक पान भरून दाखवावयाचें. ज्यांनीं सभेंत प्रश्न विचारला त्या गृहस्थांना आमचें आग्रहाचें निमंत्रण आहे. त्यांच्या प्रश्नामुळेंच आम्हांस विचार करणें भाग पडलें, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. इतर पालकांना एवढीच विनंति कीं, घरीं मूल गेम खेळत असेल तर मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं बसावें, काय चाललें आहे तें पाहावें, जमल्यास एक डाव हरावें. आणि मुलांची चित्रकलेची वही वर्षांतून एकदां तरी उघडावी. ती प्रगतिपुस्तकापेक्षां पुष्कळ अधिक सांगते. विद्यार्थ्यांना सांगणें असें कीं, मास्तर खेळतात म्हणून आम्हांलाही रात्रभर खेळण्यास मोकळीक मिळाली, असें समजूं नका. मास्तर एक तासानें यंत्र बंद करतात. हरविणें अवघड जात असेल तर निदान तेवढ्या बाबतींत त्यांची बरोबरी करून दाखवा.

मास्तरांची माफी आम्हीं समक्ष मागितली आहे. ती येथें छापूनही मागतों. त्यावर ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फक्त शेजारची खुर्ची पुढें सरकविली. चार मिनिटांत आमचा ढीग माथ्याला लागला. भोंवतालचीं मुलें हसूं लागलीं. मास्तर खडू हातांत घेऊन म्हणाले, "सर, जागा पाहा."

वीस वर्षें आम्ही मुलांचीं उत्तरें तपासत आलों. त्यांनीं कोरी सोडलेली जागा पाहण्यास आतां कोठें शिकत आहों.